ग्वाल्हेर, माधव आणि कुनो : शहर आणि जंगल एकाच सुट्टीत – पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

गणपती उठले की आमच्या लश्करच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याची आत्या, ठाण्याचा मावसभाऊ, नागपूरचे व्याही. सगळ्यांचं एकच : "दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे यायचं म्हणतोय. ग्वाल्हेरही बघू आणि ते चित्त्यांचं जंगलही. कसं जमवायचं?" दर वर्षी तीच उत्तरं फोनवर देताना काही ना काही सांगायचं राहून जातं आणि मग पाहुण्यांची गैरसोय होते. म्हणून या वेळी सगळं नीट लिहून काढलं आहे. आमच्या चार पिढ्या या शहरात गेल्या आहेत. इथे येणारा मराठी माणूस घाईघाईत किल्ला बघून परत जातो तेव्हा मनापासून वाईट वाटतं. तसं होऊ नये एवढीच इच्छा.

शहर आणि जंगल एकत्र बघायचं तर ग्वाल्हेरच का?

कारण इथे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो पुढे उठलाच नाही. त्या छावणीचं शहर झालं, म्हणून नाव लश्कर. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि तिच्या भोवतालचं रान म्हणजे त्यांचं शिकारीचं राखीव जंगल. तेच आजचं माधव राष्ट्रीय उद्यान. त्यातल्या तलावाला माधवराव महाराजांनी आईचं, सख्याराजेंचं नाव दिलं : सख्यासागर. म्हणजे शहरात ज्या घराण्याचा राजवाडा बघता, त्यांचंच जंगल दोन दिवसांनी जिप्सीत बसून बघता. मुलांना हा धागा आधी सांगून ठेवला तर दोन्हीकडे त्यांचं लक्ष लागतं.

दुसरं कारण साधं आहे. अंतरं बेताची आहेत. शिवपुरी ग्वाल्हेरहून साधारण १२० किलोमीटर, चंबळ त्याहून पुष्कळ जवळ आणि चित्त्यांचं कुनो शिवपुरीच्या पुढे. मुलांना दहा-दहा तास गाडीत कोंबावं लागत नाही.

किती दिवस हवेत?

सहा रात्री. चार रात्री ग्वाल्हेर, एक शिवपुरी, एक कुनोजवळ. पाचच मिळत असतील तर ग्वाल्हेरची एक रात्र कमी करा, जंगलाच्या दोन्ही रात्री ठेवा. चारच असतील तर कुनो सोडा आणि शिवपुरीला दोन रात्री राहा. तीन दिवसांत सगळं बसवून द्या म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणते. त्यांनी फक्त ग्वाल्हेर बघावं, पण मन भरून बघावं.

आम्ही पाहुण्यांना आखून देतो तो क्रम असा. पहिल्या दिवशी पोचून आराम आणि संध्याकाळी बाडा, म्हणजे लश्करचा मुख्य चौक. दुसरा दिवस किल्ल्याचा. तिसऱ्या दिवशी सकाळी जयविलास राजवाडा, दुपारी झोप आणि उन्हं उतरल्यावर राणी लक्ष्मीबाईंची समाधी. चौथ्या दिवशी मुरैन्याच्या बाजूला चंबळ आणि बटेश्वरची देवळं. पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत शिवपुरी, संध्याकाळी छत्र्या, म्हणजे शिंद्यांची समाधिस्थळं. सहाव्या दिवशी पहाटे माधवची सफारी, दुपारी कुनोकडे. सातव्या दिवशी सकाळी कुनोची सफारी आणि परत ग्वाल्हेर. परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका, दुसऱ्या दिवशीची काढा. ती सातवी रात्र आमच्या घरी!

कधी यावं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक शेवटी विचारतात, तिकिटं काढून झाल्यावर.

मध्य प्रदेशातली राष्ट्रीय उद्यानं १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, १ ऑक्टोबरला उघडतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रान हिरवंगार आणि दाट असतं. डोळ्यांना सुख, पण गवत कमरेएवढं असल्यामुळे प्राणी कमी दिसतात. तरी दसरा ऑक्टोबरात येत असेल तर मी आवर्जून या म्हणते, कारण त्या दिवशी मांढरे की माता इथे शिंदे घराण्याचं शमीपूजन असतं. शमीला तलवार लागली की पानं लुटायला जी झुंबड उडते, ती बघून आमच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही देवी साताऱ्याकडून आलेल्या मांढरे घराण्याची आणि आज ती सगळ्या ग्वाल्हेरची आहे.

हवा आणि जंगल दोन्ही उत्तम हवं असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, किंवा फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत शाळांना नाताळाची सुट्टी असते म्हणून बरेच जण येतात. त्यांनी एक लक्षात ठेवावं. इथला गारठा पुण्या-मुंबईच्या माणसाच्या कल्पनेतला नाही. पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि धुकं असं पडतं की बाल्कनीतून समोरचं घर दिसत नाही. गाड्या तासन् तास उशिरा धावतात, विमानं रद्द होतात. सकाळच्या सफारीचा पहिला तास धुक्यातच जातो. त्या दिवसांत येणार असाल तर मधे एक मोकळा दिवस ठेवाच.

एप्रिलनंतर पाणवठ्यांवर प्राणी सहज दिसतात हे खरं. पण मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. लहान मुलं किंवा सत्तरीचे आजी-आजोबा बरोबर असतील तर उन्हाळ्यात येऊ नका. मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही हेच सांगते.

यायचं कसं?

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस. नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. विमानाचं वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा तारीख ठरली की बघा.

नाशिक-धुळ्याकडच्या लोकांना स्वतःची गाडी घेऊन यायचं असेल तर रस्ता त्यांच्या ओळखीचाच आहे. तुमच्या दारावरून जाणारा मुंबई–आग्रा रस्ता इंदूर, गुना, शिवपुरी करत थेट ग्वाल्हेरला येतो आणि माधव राष्ट्रीय उद्यान या रस्त्याला लागूनच आहे. असं येणाऱ्यांनी क्रम उलटा करावा. आधी शिवपुरी आणि जंगल, मग ग्वाल्हेर. पण रात्री गाडी चालवू नका. नीलगायी अचानक रस्त्यावर येतात.

पूर्वी ग्वाल्हेरहून कुनोकडच्या श्योपूरला छोटी गाडी जायची. दोन फुटी रुळांवरची, सुमारे २०० किलोमीटरची वाट. तिच्या टपावरही माणसं बसलेली असत. रूंद रुळांच्या कामासाठी ती २०२० मध्ये बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनात वाचून "त्या गाडीनं कुनोला जाऊ" असं म्हणणारे अजून भेटतात, म्हणून सांगितलं.

ग्वाल्हेरला राहून एका दिवसात जंगल करून परत येता येईल का?

माधवचं जमवता येईल, पण करू नये. कुनोचं तर मुळीच करू नये.

हे मी अनुभवाने सांगते. तीन वर्षांपूर्वी नणंदेचं कुटुंब आलं होतं. हॉटेलचे पैसे वाचतील म्हणून आम्ही पहाटे अडीचला लश्करहून कुनोला निघालो. पोहरीच्या पुढे धाकट्या भाच्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, दोनदा थांबावं लागलं. गेटवर पोचलो तेव्हा आमची जिप्सी वाट बघून निघून जायच्या बेतात होती आणि वेळेचा पाऊण तास गेला होता. त्यात भाऊजींचं मूळ ओळखपत्र ग्वाल्हेरच्या कपाटात राहिलेलं, जवळ नुसती झेरॉक्स. त्यांना बाहेरच बसावं लागलं. गेटवरच्या माणसाची काही चूक नव्हती, त्याने नियम पाळला. आत गेलेले आम्ही सगळे पेंगत होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढ्या लांबून, एवढ्या हौसेने आलेल्या माणसांचा दिवस आमच्या आखणीमुळे वाया गेला, याची रुखरुख अजून आहे.

जंगलाची रात्र जंगलाजवळच काढायची. शिवपुरीला मध्य प्रदेश पर्यटनाचं टुरिस्ट व्हिलेज तलावाच्या काठाला आहे, गावात साधी हॉटेलंही आहेत. कुनोसाठी टिकटोली गेटजवळ मुक्काम केला तर पहाटे उठून चहा पिऊन गेटवर जाता येतं. ग्वाल्हेरमध्ये म्हणाल तर स्टेशनजवळ किंवा सिटी सेंटरला राहा. बाड्याजवळ गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लावायला जागा नाही.

किल्ल्याला किती वेळ द्यावा? मुलं कंटाळतील का?

पूर्ण दिवस द्या, दोन तुकड्यांत. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चारनंतर. मधे खाली येऊन जेवा, झोपा.

गाडी उरवाई दरवाज्याने वर जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये. त्याच चढणीवर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. सर्वांत उंच मूर्ती ५७ फुटांची सांगतात. तिथे गाडी थांबवून मुलांना तिच्या पायाच्या अंगठ्याशेजारी उभं करा. वर राजा मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल. पाचशे वर्षं उलटली तरी त्याच्या भिंतींवरच्या निळ्या फरश्या चमकतात आणि त्यांवर पिवळ्या बदकांची रांग चाललेली आहे. आमच्या पुतणीने ती बदकं मोजायला घेतली आणि पुढचा अर्धा तास आम्हाला निवांत मिळाला. गुरुद्वाराही दाखवा. गुरू हरगोविंदजींना जहांगिराने या किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. सुटताना त्यांनी बावन्न कैदी राजांनाही बरोबर सोडवून नेलं. जितके राजे त्यांच्या अंगरख्याचे गोंडे धरतील तितके सुटतील, असं ठरलं म्हणून त्यांनी बावन्न गोंड्यांचा अंगरखा शिवून घेतला, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

पण माझ्या मते किल्ल्यावरची सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत लहान जागेत आहे. गुजरी महालाकडच्या पायवाटेवर एकाच दगडात कोरलेलं चतुर्भुजाचं देऊळ आहे, आपल्या देवघराची खोली असते तेवढं. आतल्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब जमीन दिली आणि रोज ५० हार द्यायचे ठरले, असा साधा व्यवहार त्यात लिहिलाय. त्यातल्या '२७०' मधलं आणि '५०' मधलं शून्य बघा. बारकं, गोल, आजच्यासारखंच. शून्य आकडा म्हणून लिहिल्याच्या जगातल्या जुन्या पुराव्यांत याची गणना होते. बाहेरून आत गेल्यावर काही दिसत नाही, डोळे सरावायला वेळ लागतो. मग टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून येतात. माझा मुलगा पाचवीत होता तेव्हा त्याने त्या शून्याकडे बघत विचारलं, "आई, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं का आपण काय लिहितोय ते?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या मुलांना तिथे जरूर न्या. फक्त ही वाट चढून जाण्यापेक्षा मानमंदिराकडून उतरत यावी आणि गाडी खाली किलागेटला बोलावून घ्यावी.

शहरात आणखी काय चुकवू नये?

जयविलास. १८७४ साली जयाजीरावांनी मायकेल फिलोसकडून बांधून घेतलेला राजवाडा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची सांगतात आणि ती टांगण्याआधी छताची ताकद तपासायला वर हत्ती चढवले होते ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी मुलांना हमखास आवडते. मराठी माणसासाठी २०२२ पासून तिथे मराठ्यांच्या इतिहासाचं स्वतंत्र दालनही आहे. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद असतं, तो आधी विचारून घ्या.

फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मध्ये याच शहरात त्या लढताना पडल्या. इथे फोटो काढून पाच मिनिटांत निघू नका, थोडं बसा. आणि शिवपुरीला गेल्यावर तात्या टोप्यांच्या स्मारकालाही जा. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना शिवपुरीत फाशी दिली गेली. एका सहलीत या दोन्ही जागा होतात आणि जंगलाच्या गडबडीत दुसरी नेमकी राहून जाते.

गाण्याची आवड असेल तर हजीऱ्याला तानसेनाची समाधी आणि शेजारी महंमद गौसांचा मकबरा. त्याच्या दगडी जाळ्यांतून दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं बघावं. जिवाजीगंजातलं सरोद घर, म्हणजे वाद्यांचं संग्रहालय, मुद्दाम वेळ काढून बघा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, तिचं हे शहर माहेर. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. त्याच्या तारखा बघून सुट्टी ठरवणारे रसिक पाहुणे आमच्याकडे दर वर्षी असतात.

माधव की कुनो? एकच निवडायचं असेल तर?

कुटुंब घेऊन येणाऱ्यांना मी माधव सांगते. लोकांना नवल वाटतं, कारण नाव कुनोचं गाजलंय.

माधव साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, आटोपशीर, राहायच्या जागेपासून गेट जवळ. जंगल, तलाव आणि इतिहास एकाच फेरीत दिसतात. वाघ इथून नाहीसे झाले होते. मार्च २०२३ मध्ये ते पुन्हा आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये माधव देशातला ५८ वा व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघापेक्षाही मला सख्यासागर प्रिय आहे. थंडीत तिथे बाहेरून आलेल्या बदकांचे थवे उतरलेले असतात. २०२२ मध्ये या तलावाला रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. काठावरच्या खडकावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तोंड उघडं टाकून, पुतळ्यासारख्या. मागच्या जानेवारीत एकीच्या पाठीपासून हातभर अंतरावर बगळा उभा होता. आमची सगळी जिप्सी श्वास रोखून बसलेली आणि त्या दोघांना एकमेकांचं काही नाही. दहा मिनिटं तसंच. मग बगळा आपल्या वेळेला उडाला.

वर टेकडीवर जॉर्ज कॅसल आहे. पंचम जॉर्ज शिकारीला येणार म्हणून १९११ साली बांधला, पण बादशहाला वाटेतच वाघ मिळाला आणि तो इथे मुक्कामाला आलाच नाही, असं सांगतात. तिथून खाली तलावाचं पाणी आणि पलीकडचं रान दिसतं.

संध्याकाळी शिवपुरीच्या छत्र्यांना जा. समोरासमोर दोन छत्र्या, मधे कुंड. एक सख्याराजेंची, दुसरी संगमरवरी माधवरावांची. आई आणि मुलगा. दिवेलागणीला तिथे असावं.

कुनो वेगळं आहे. साडेसातशे चौरस किलोमीटरचं, उघडं, कोरडं, खूप शांत. ज्यांची मुलं दहाच्या वरची आहेत, ज्यांनी आधी एखादं जंगल बघितलं आहे, त्यांनी जरूर जावं.

कुनोत चित्ता दिसेल का?

दिसेलच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते इथे आले. १९५२ मध्ये आपल्या देशातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. त्यानंतर सत्तर वर्षांनी तो पुन्हा भारताच्या मातीवर उतरला आणि मार्च २०२३ मध्ये इथे पिल्लंही जन्मली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण काही चित्ते कुंपणाच्या आवारात असतात, तिथे पर्यटकांना नेत नाहीत. जे मोकळे आहेत ते उद्यानाच्या बाहेरही दूरदूर फिरतात. दिसला तर भाग्य. मला तीन सफाऱ्यांत एकदाही दिसलेला नाही आणि तरी मी पुन्हा जाणार आहे.

कारण कुनो म्हणजे केवळ चित्ता नाही. हे जंगल मुळात गीरच्या सिंहांसाठी तयार केलं होतं. त्यासाठी चोवीस गावं इथून हलवली, त्यांतली बरीच कुटुंबं सहरिया आदिवासींची. सिंह आलेच नाहीत, गावं मात्र गेली. त्या माणसांनी सोडलेली शेतं आज गवताची कुरणं झाली आहेत आणि त्यांत चितळांचे कळप चरतात. गाइड आजूबाजूच्या गावांतलाच असतो. त्याला प्राण्यांबरोबर गावांबद्दलही विचारा. आमचा गाइड एका पडक्या विहिरीपाशी गाडी थांबवून म्हणाला, "हमारी दादी यहीं से पानी भरती थी." पुढे बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

आणि करधई बघा. कुनोत या झाडाची रानंच्या रानं आहेत. उन्हाळ्यात ती पार वाळून गेल्यासारखी, राखाडी होते. पण जूनअखेर नुसता दमटपणा हवेत आला, पाऊस पडायच्या आधीच तिला पालवी फुटते. बिबटे, चौशिंगे, चिंकारा, नीलगायी, मोर हे सगळं आहेच. कुनो नदीच्या काठावर पालपूरची जुनी गढी आहे. खैर आणि सालई या झाडांची ओळखही गाइडकडून करून घ्या.

सफारीचं बुकिंग कसं करायचं?

मध्य प्रदेश सरकारच्या एमपी ऑनलाइनच्या वन विभागाच्या पोर्टलवर. दिवाळी आणि नाताळासाठी खूप आधी करा. परवान्याचे पैसे वेगळे, जिप्सीचं भाडं आणि गाइडची फी वेगळी, हे आधीच धरून चाला. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आठ जणांचं कुटुंब असेल तर दोन जिप्स्या लागतील आणि मुलांना आई-वडिलांपासून वेगळं बसवायचं नसेल तर कोण कुठे बसणार ते घरीच ठरवा.

बुकिंगमध्ये जे ओळखपत्र दिलं, त्याची मूळ प्रत प्रत्येकाजवळ हवी. झेरॉक्सची कथा वर सांगितलीच आहे. राज्यातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते, ते बघून वार ठरवा. शक्यतो सकाळचीच फेरी घ्या. थंडीत कानटोपी, मफलर आणि एक जाड रग बरोबर न्या. उघड्या जिप्सीतला वारा हाडात शिरतो. कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको, फोन पिशवीत.

चंबळ म्हणजे डाकूंचा भाग ना? मुलांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का?

हो, सुरक्षित आहे. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी तेवढ्याच प्रेमाने उत्तर देते. इथे त्यांना बागी म्हणत. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या गांधी आश्रमात जयप्रकाश नारायणांसमोर त्यांतल्या कितीतरी जणांनी शस्त्रं खाली ठेवली. ज्या काळाची भीती तुमच्या मनात आहे तो कधीच मागे पडला. सामान्य काळजी घ्या, अंधार पडायच्या आत परता. एवढं पुरे.

उलट चंबळ वगळलीत तर सहलीतलं सर्वांत सुंदर पाणी वगळलंत. मुरैन्याजवळ देवरीला घडियालांचं, म्हणजे आपल्या सुसरींचं केंद्र आहे. नदीकाठची अंडी आणून तिथे पिल्लं वाढवतात आणि सव्वा मीटरच्या आसपास झाली की चंबळेत सोडतात. टाक्यांमध्ये ती एकमेकांच्या अंगावर चढून पडलेली असतात, चिमट्यासारखी निमुळती तोंडं वर करून. ती बघून मग राजघाटला नावेत बसा. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा असतो, त्या घड्यावरूनच घडियाल हे नाव आलं. पाणचिरे पक्षी वाळूच्या बेटांवर बसलेले दिसतात, नशीब असेल तर गंगेतला डॉल्फिनही पाठ दाखवून जातो. नावेत लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, मुलांनी आधी.

परतताना बटेश्वर. शेकडो वर्षं ढिगाऱ्यात पडलेली देवळं पुरातत्त्व खात्याने दगडाला दगड जुळवून पुन्हा उभी केली. सुमारे दोनशे देवळांचा हा समूह आहे. वेळ उरला तर जवळच मितावलीचं गोल योगिनी मंदिर आहे, पायऱ्या मात्र बऱ्याच.

आजी-आजोबांना जंगल झेपेल का?

पाठीचं दुखणं असेल तर जिप्सीच्या मधल्या सीटवर बसवा, मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात. एकच सफारी करू द्या, दुसऱ्या वेळी तलावाकाठी किंवा छत्र्यांपाशी बसवा. आतमध्ये तीन-चार तास नैसर्गिक विधीची सोय मोजकीच असते, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. संकोचापायी ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग त्रास होतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी माझ्या मते पहाटेची सफारी नको. नाव आणि देवरी त्यांना पुरतं.

तिकडे मराठी चालेल का?

हिंदी बोलावी लागेल. पण पाट्या वाचत चला : शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटनीस की गोठ, ढोलीबुवा का पूल. बाड्यावर भाजी घेताना दोघींत मराठी बोललात तर शेजारची बाई हमखास वळून विचारेल, "कुठून आलात?" आमची मराठी तुम्हाला थोडी वेगळी वाटेल, त्यात हिंदी मिसळलेली आहे. पण सणवार, गौरी-गणपती, चैत्रातलं हळदीकुंकू आम्ही जपून ठेवलं आहे. बाड्यावर गोरखीत शिंद्यांचं देवघर आहे, तिथून जाताना हात जोडा.

खाण्याचं काय?

सकाळी बेडई आणि बटाट्याची रस्सेदार भाजी, सोबत जिलबी. कचोरी गरम मिळते तिथेच खा. शाकाहाराची अडचण शहरात नाही. जंगलाच्या बाजूला मात्र पर्याय कमी, मुक्काम ठरवतानाच जेवण सांगून ठेवा. प्रवासात मुलांसाठी दशम्या, चटणी आणि केळी बरोबर असू द्या.

खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये?

शहरातल्या हॉटेलात वाचवा. जिप्सीत आणि जंगलाजवळच्या मुक्कामात वाचवू नका. शिवपुरी-कुनोसाठी गाडी ड्रायव्हरसकट तीन दिवसांसाठी एकदाच ठरवा, ड्रायव्हरच्या मुक्कामाचं आणि जेवणाचं आधी बोलून घ्या.

परत नेताना काय घ्यावं?

थंडीत आलात तर मुरैन्याची गजक. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाचा पाक खुंटीला टांगून ओढत राहतात, तो पिवळसर पांढरा होईपर्यंत. मग भाजलेल्या तिळात घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात. दुकानाच्या मागे तो ठोक-ठोक आवाज येत असेल तिथूनच घ्या, ताजी असते. पदराला पदर सुटून जिभेवर विरघळते. डब्यात घट्ट बंद करून न्या, मुंबईच्या हवेत ती लवकर मऊ पडते. आणि स्टेशनवर जायच्या आदल्या संध्याकाळी फोन करा, आम्ही घरून डबा आणून देतो.